कंपनी, भरती की थेट लेफ्टनंट? कॉलेजच्या पहिल्याच महिन्यात ठरणारा विषय

पुणे-नाशिक हायवेवर मोशी सोडून इंद्रायणी ओलांडली की चिंबळी आणि मग कुरुळी. खेड तालुक्यातलं हे गाव चाकण एमआयडीसीला लागून आहे. अशा गावात बारावी झालेल्या पोरासमोर दोन रस्ते लगेच दिसतात. एक कंपनीतल्या शिफ्टचा, दुसरा भरतीचा. पण कॉलेज करता करता आर्मीत ऑफिसर होण्याचा तिसरा रस्ताही आहे, आणि तो बऱ्याच जणांना उशिरा कळतो.

आधी भरती आणि ऑफिसर यातला फरक

2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत जवान म्हणून चार वर्षांसाठी घेतात. पहिल्या वर्षी महिना 30 हजारांचं पॅकेज असतं आणि चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के जणांना कायम केलं जातं. ऑफिसर मात्र लेफ्टनंट म्हणून रुजू होतो. त्याचं मूळ वेतनच 56,100 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. त्यासाठी पदवी लागते.

मग एनसीसीचा संबंध काय?

अमेरिकेत कॉलेजमध्येच लष्करी प्रशिक्षण घेऊन पदवीसोबत थेट अधिकारीपद मिळतं. आपल्याकडे तसं नाही. ब्रिटिश काळात 1942 मध्ये विद्यापीठांतल्या दलाला 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर' असं नाव होतं. 1948 च्या कायद्याने एनसीसी आली. एनसीसी केली म्हणून कुणी आपोआप ऑफिसर होत नाही, पण एक मोठा अडथळा दूर होतो.

तो म्हणजे लेखी परीक्षा. 'एनसीसी स्पेशल एंट्री'मध्ये ती नसते. 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड, पदवीला किमान 50 टक्के आणि वय 19 ते 25 असेल तर अर्ज करता येतो. छाननीत नाव आलं की थेट पाच दिवसांची एसएसबी मुलाखत. त्यात पास, मेडिकलला फिट आणि मेरिटमध्ये नाव आलं, तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत 49 आठवड्यांचं प्रशिक्षण.

जागा मात्र मोजक्याच. एप्रिल 2025 च्या कोर्ससाठी देशभरातून 76 जागा होत्या. त्यात मुलांसाठी 70 आणि मुलींसाठी फक्त 6.

खरी अडचण कुठे येते?

'सी' सर्टिफिकेटसाठी साधारण तीन वर्षं एनसीसीत काढावी लागतात, आणि पदवीही तीन वर्षांचीच असते. म्हणजे एफवायला नाव नोंदवलं नाही, तर पुढे गणित जुळत नाही. शिवाय परेडला 75 टक्के हजेरी आणि कॅम्पही हवेत. नाईट शिफ्ट करून शिकणाऱ्या पोराला इथेच फटका बसतो. घरी पगार द्यायचा की परेडला जायचं, हा प्रश्न त्याच्यासमोर 18 व्या वर्षीच येतो.

कॉलेजात एनसीसीच नसेल तर?

सीडीएस आहे. यूपीएससीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. चेन्नईच्या अकॅडमीसाठी इंग्रजी आणि सामान्य ज्ञान हे दोनच पेपर असतात, गणित नाही. त्यामुळे आर्ट्सवाल्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. डेहराडूनच्या आयएमएसाठी मात्र गणित लागतं आणि तिथे फक्त अविवाहित मुलांना प्रवेश आहे. सीडीएसमधून आयएमएच्या 100 जागा भरतात, त्यातल्या 13 एनसीसी 'सी' सर्टिफिकेटवाल्यांसाठी राखीव असतात.

क्लासच्या फीचं काय?

एसएसबीच्या तयारीसाठी महाराष्ट्र सरकारचं नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत. सीडीएसची लेखी पास झालेले किंवा 'सी' सर्टिफिकेट असलेले आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केलेले उमेदवार तिथे अर्ज करू शकतात. कुरुळीवरून जाणारा हायवेच पुढे नाशिकला पोहोचतो.

थोडक्यात, अॅडमिशनच्या दिवशी कॉलेजात दोन प्रश्न विचारायचे. एनसीसी आहे का, आणि निवड कधी आहे? निवडीची तारीख हुकली तर पुढे सीडीएस उरते, पण लेखीशिवायचं दार सहसा बंद झालेलं असतं.