दुआ करा, पण दवाखान्याच्या वाटेवर

जुन्नर-आंबेगावच्या उसात किंवा भातखाचरात घोणस चावली, की आजही काही घरांत आधी ताईत, झाडफूक शोधली जाते. तिथेच मोलाचा वेळ जातो.

जखम झाली की प्लेटलेट पेशींच्या पडद्याच्या आतल्या बाजूची चरबी बाहेर येते. रक्त गोठवणारी प्रथिने कॅल्शियमच्या आधाराने तिला चिकटतात, म्हणून गुठळी जखमेपुरतीच बनते. घोणशीचे विष जखमेची वाट पाहत नाही. ते ही प्रथिने रक्तभर चेतवून संपवून टाकते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. काचेच्या नळीत 20 मिनिटांत रक्त गोठले नाही, तर ते डॉक्टरांना कळते. यावर उतारा प्रतिसर्पविषाचाच.

दुआ जरूर मागा, पण गाडीत बसून.