मळ्याच्या तोंडाला एक पाटी

गेल्या जूनमध्ये पाऊस लांबला होता. मगरिबची अजान होऊन गेली होती आणि आमचे चाचा उसाला पाणी पाजत होते. पाचटात पाय पडला आणि घोणस चावली. घरात त्या वेळी दोन सुना आणि शाळकरी मुले. धाकट्या सुनेने धीर धरून रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पत्ता सांगा."

तिने सांगितले, "मुल्लांचा मळा." गाव विचारले, तिने सांगितले. तालुका सांगितला. मग विचारले, "रस्त्यावरून आत कुठे वळायचे?" ती म्हणाली, "चिंचेपासून."

ती चिंच दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना तोडली गेली. आम्हा घरच्यांना ती अजूनही तिथेच दिसते. गाडीवाल्याला कशी दिसणार?

गाडी वेळेत निघाली, गावाच्या शिवारात आलीही वेळेत. पण पुढची वीस-पंचवीस मिनिटे ती एका पाणंदीतून दुसऱ्या पाणंदीत फिरत राहिली. शेवटी आमचा पुतण्या मोटारसायकल घेऊन गेला आणि गाडी घेऊन आला. चाचा बरेच दिवस दवाखान्यात होते. अलहम्दुलिल्लाह, वाचले. घरी आल्यावर एकदा म्हणाले, "उसाच्या वरून त्या गाडीचा दिवा इकडून तिकडे फिरताना दिसत होता रे. हाक मारायची ताकद नव्हती."

चूक गाडीवाल्याची नव्हती. आपल्या मळ्याला पत्ताच नव्हता.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत किती कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात आणि वस्तीवर राहतात, हे आपण जाणतो. कराड, वाळवा, पलूस, तासगाव, मिरज, कोणत्याही तालुक्यात जा. मुल्ला मळा, मुजावर वस्ती, इनामदारांचे रान, अशी नावे गावात सगळ्यांना ठाऊक असतात. पण राज्यात 2014 पासून सुरू असलेल्या 108 सेवेला फोन केला, तर तो आपल्या गावात वाजत नाही, पुण्यातील नियंत्रण कक्षात वाजतो. तिथे फोन घेणाऱ्या मुलीला मुल्लांचा मळा कुठून माहीत असणार? नुसते 'वडगाव' म्हटले, तर कोणते वडगाव, इथूनच तिचा शोध सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, गट नंबर आहे की. आहे, पण सातबाऱ्यावर. जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा अनेक गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. ते तलाठ्याच्या दप्तरात आहेत, आपल्या कपाटातल्या पिशवीत आहेत. बांधावर मात्र कुठेच लिहिलेले नाहीत. आणि घरातल्या किती बायकांना, मुलांना तो नंबर पाठ आहे? संकटाच्या वेळी फोन करायची पाळी बहुधा त्यांच्यावरच येते.

विषय किरकोळ नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, आणि त्यात बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविषाची लस हाच उपाय आहे. जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांनी नुकसानच होते. चावलेला अवयव हलू न देता माणसाला लवकर दवाखान्यात पोहोचवायचे. या सगळ्यात एकेक मिनिट मोलाचे असते, आणि आपण ती मिनिटे फाट्यावर घालवतो. सापाचेच कशाला? मोटारीचा शॉक, विहिरीत पडणे, ट्रॅक्टर उलटणे, पेटलेला ऊस, बाळंतपणाच्या कळा, सगळ्यांना हेच लागू आहे. शेतकरी अपघातात गेला तर सरकारच्या योजनेतून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. ते मिळावेतच, पण माणूस वाचला तर अधिक बरे.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात 2014 मध्ये सात वर्षांची एक मुलगी शेतातील अपघातात दगावली. मदतीसाठी फोन झाला होता, पण त्या जागेला क्रमांकाची पाटी नव्हती. त्या दुःखातून तिथल्या लोकांनी एक काम उभे केले. ज्या रानात घर नाही, नुसते पीक उभे आहे, त्याच्या तोंडालाही क्रमांकाची पाटी लावायची. हे काम पुढे त्या प्रांतात गावोगाव पसरले.

आपल्याला त्यासाठी कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. आम्ही ईदनंतर हे केले, ते सांगतो.

पत्र्याची एक पाटी पेंटरकडून रंगवून घेतली. ठळक अक्षरांत मळ्याचे नाव, गट नंबर, गाव, तालुका आणि घरातले दोन मोबाईल नंबर. कडेने रेडियमची पट्टी लावली, म्हणजे रात्री गाडीच्या उजेडात चमकते. लोखंडी अँगलला जोडून सिमेंटमध्ये रोवली. पाटी घरापाशी लावायची नाही. डांबरी रस्त्यावरून पाणंद जिथे सुरू होते तिथे लावायची, आणि उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागणार नाही इतकी आत. पुढे पाणंदीला जिथे फाटे फुटतात, तिथे बाणाची छोटी पाटी.

टपाल खात्याने मे 2025 मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. आपला पिनकोड अनेक गावांना मिळून एक असतो. डिजिपिन हा दहा अक्षर-अंकांचा कोड मात्र सुमारे चार मीटर लांब-रुंद अशा जागेपुरता असतो, मग तिथे घर असो वा मोकळे रान. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून तो काढता येतो. आम्ही तो पाटीवर खाली लिहिला. पण नुसत्या कोडवर विसंबू नका. घाबरलेल्या माणसाला शब्दच सुचतात, म्हणून शब्द आधी.

तोच मजकूर कागदावर लिहून स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला आहे. वर 108 आणि 112. मुलांकडून तो पाठ करून घेतला, पहाडे घेतो तसा. आणि घरात एक नियम केला, फोन झाला की एकाने बॅटरी घेऊन पाणंदीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे.

दोन जागा आपण सगळेच विसरतो. ईदगाह आणि कब्रस्तान. दोन्ही बहुधा गावाबाहेर, माळावर. तिथे घर नाही, म्हणून घर नंबर नाही. मेच्या उन्हात कोणाच्या मय्यतीला आलेले वयस्कर कोसळले, ईदच्या गर्दीत कोणाच्या छातीत दुखू लागले, तर काय सांगणार? मशिदीच्या जमातीने ठरवले तर या दोन पाट्या एका जुम्म्याच्या वर्गणीत होतील. पुढच्या ग्रामसभेत सगळ्या पाणंदींना क्रमांक देण्याचा विषयही मांडता येईल. शेजारचे पाटील, माने, कांबळे यांच्या मळ्यांनाही पत्ता नाहीच. विष जातधर्म विचारत नाही.

वाटेतला काटा-दगड बाजूला करणे हीसुद्धा सदका आहे, हे आपण लहानपणी मक्तबात शिकलो. वाट चुकणाऱ्याला वाट दाखवणे हे त्याच्याच पुढचे पाऊल. पाटी आपल्यानंतरही उभी राहते. आमच्या पाटीचा पहिला उपयोग आमच्या घराला झालाच नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या मळ्यातल्या वहिनींना रात्री कळा सुरू झाल्या. त्यांनी फोनवर सांगितले, "मुल्ला मळ्याच्या पाटीपासून आत, दुसरे घर." गाडी थेट दारात आली. मुलगी झाली.

चाचांनी त्या दिवशी सकाळी उठून पाटीवरची धूळ पुसली.