देवाला किती आकडे द्यायचे?

समजा दिवाळीच्या सुट्टीत पांढरकवड्याची चार मुलं ओसरीवर खेळायला बसली आहेत. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतोय आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतले वीर झालेत. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी पुजारी. गुहेत राक्षस आडवा आला की फासा टाकायचा. तोही साधा नाही बरं का, वीस बाजूंचा! मोठा आकडा पडला तर वार लागला, छोटा पडला तर हुकला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला.

आता पुजारी झालेल्याला सगळे विचारणार, "तुझा देव कोणता रे?"

१९८० साली या खेळासाठी देवांचं एक जाडजूड पुस्तक निघालं. ग्रीक आणि इजिप्ती देवांच्या जोडीला त्यात आपले इंद्र, अग्नी, विष्णू, लक्ष्मी, कालीसुद्धा होते. प्रत्येकापुढे आकडे: ताकद किती, कवच किती आणि किती मार खाल्ल्यावर खेळ खलास! खरी गोची इथंच आहे. एकदा आकडा लिहिला की कुणीतरी तो शून्यावर आणायला बघणारच.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडेही माणसं देव होतातच की! हो, होतात. कोकणातल्या दशावतारात होतात, रामलीलेत होतात. रामाचं सोंग घेतलेल्या मुलाच्या आज्याबाई पायासुद्धा पडतात. पण तिथं गोष्ट ठरलेली असते. राम जिंकणार, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. फाशाच्या खेळात तसं काहीच ठरलेलं नसतं. तिथं देव हरूही शकतो.

म्हणूनच २००९ साली प्लेस्टेशनवर हनुमानाचा खेळ आला, तेव्हा अमेरिकेतल्या काही हिंदूंनी हरकत घेतली. ज्याची पूजा करायची त्याला बटणं दाबून नाचवायचं का, असा त्यांचा सवाल होता. २०१२ साली 'स्माइट' या खेळातल्या कालीवरूनही असाच वाद झाला. त्यात खेळणारा स्वतःच देव होतो आणि दुसऱ्या देवांशी मारामारी करतो. मला विचाराल तर खेळच बंद करा म्हणणं जरा जास्तच झालं. पण दुखावलेल्यांना हसणंही बरं नव्हे. डंजन्सच्या २०१४ सालच्या मुख्य पुस्तकात ग्रीक, इजिप्ती, केल्टिक, नॉर्स देवांच्या याद्या आहेत. आपले देव त्या यादीत नाहीत.

आपल्या जुन्या मंडळींनी यातून छान वाट काढली होती. मोक्षपट ठाऊक आहे ना? सापशिडीचा हा पूर्वज परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. कवड्या टाकायच्या, दुर्गुणांचे साप टाळायचे, सद्गुणांच्या शिड्या चढायच्या आणि वर वैकुंठाला पोचायचं. पटावर सरकतो तो आपण. देव सरकत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेल्या 'राजी' या खेळातही असंच आहे. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी आपण होतो. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट सांगतात.

पण आपल्या जिल्ह्यात आणखी एक पेच आहे, आणि तो त्या अमेरिकन पुस्तकवाल्यांच्या स्वप्नातही आला नसेल. दूरदर्शनवर १९८८ ते १९९० मध्ये लागलेल्या 'महाभारत' मालिकेतला गदाधारी भीम तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. खेळात घ्यायला एकदम झकास वीर! पण झरी-जामणी, मारेगाव, केळापूरकडच्या कोलामांचा भीम हा देव आहे. ते त्याला भीमायक म्हणतात. आणि रावण? राक्षसांचा राजा म्हणून तुम्ही त्याला गुहेत बसवाल, पण विदर्भातले काही गोंड लोक त्याला आपला पूर्वज मानतात. ओसरीवरच्या त्या चौघांत एक कोलाम आणि एक गोंड असेल तर?

तेव्हा गोष्ट सांगणाऱ्याने एवढं करावं: खेळ मांडण्याआधी चौघांना विचारावं, की कुणाच्या घरी कुणाची पूजा होते. ती नावं फाशापासून लांब ठेवायची. मग पुजाऱ्यासाठी सगळ्यांनी मिळून नवाच देव तयार करा. त्याचं वाहन ठरवा, त्याला काय आवडतं ते ठरवा, तो कशावर रुसतो तेही ठरवा. आई-बाबांनाही विचारा, नाव सुचवायला ते तुमच्यापेक्षा हुशार निघतील. आणि हो, त्याला आकडे मात्र भरपूर द्या, नाहीतर पहिल्याच गुहेत गारद व्हायचा बिचारा!