सरपण वैशाखात भरावे

हिवाळ्याबद्दल जे लिहायचे ते मार्गशीर्षात लिहावे, असा वर्तमानपत्रांतील रिवाज आहे. मी मात्र शेकोटीवरील हा मजकूर चैत्राच्या अखेरीस, डोक्यावर पंखा लावून लिहीत आहे. कोणी याला म्हातारपणाचा विसरभोळेपणा म्हणेल. पण खरा विसरभोळेपणा माझ्या हातून घडला तो गेल्या थंडीत, आणि त्याची कबुली दिल्यावाचून पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

आमचा रामबागेतील वाडा जाऊन तेथे चोवीस बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली, त्याला आता पंधरा वर्षे झाली. रात्रीच्या पहाऱ्याला रीव्याकडचा एक मनुष्य आहे. त्याच्या शेकोटीसाठी लाकूड घ्यावे असे समितीने ठरवले, आणि सर्वांत जुना रहिवासी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले. मी फोन केला, लोडिंग रिक्षातून दोन क्विंटल लाकूड आले, पैसे दिले आणि काम झाले असे समजून वर गेलो. लाकूड हातात उचलून पाहिलेदेखील नाही. आठ दिवसांपूर्वी तोडलेले, सालीसकटचे, न फोडलेले गुलमोहराचे आणि सुबाभळीचे ओंडके होते ते. दोन दिवसांनी तो म्हणाला, ‘बाबूजी, लकडी गीली है.’ मी म्हणालो, ‘दो-चार दिन धूप में रख दो.’ पौषातल्या उन्हात चार दिवसांत ओंडका वाळतो हे मी कोणत्या शाळेत शिकलो होतो, देव जाणे!

ओंडके पेटेनात, तेव्हा त्याने जे मिळेल ते जाळायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघर नव्याने करणे चालले होते. तेथल्या प्लायवूडच्या फळ्या, रंग दिलेली चौकट आणि आग धरावी म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या. धूर घराघरांत शिरला. तक्रार आली, आणि शेकोटी फाटकापासून दूर, उघड्यावर न्यायचा हुकूम निघाला. मग थंडीची लाट आली. त्या रात्री त्याने उरलेसुरले निखारे घमेल्यात भरून आपल्या खोलीत नेले आणि दार-खिडकी लावून घेतली. पहाटे दूधवाल्याने दार लोटले, म्हणून तो मनुष्य आज आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. माणसाला नुसती झोप येत जाते. दवाखान्यातून तो तिसऱ्या दिवशी परतला आणि ‘आप लोगों को तकलीफ हुई’ म्हणून त्यानेच माझी माफी मागितली.

हे ज्याच्या निष्काळजीपणामुळे घडले तो लहानपणी सरपणाच्या राशीवर चढून वाढलेला आहे, हे सांगताना लाज वाटते.

रामनवमी झाली की आमच्याकडे लाकडाच्या गाड्या येत. सिमरोल-चोरलच्या बाजूचे गाडीवान रात्रीच घाट चढून पहाटे दारात बैल सोडत. अण्णांची पसंती धावड्याला. धावडा सावकाश जळतो, निखारा धरतो आणि धूर कमी करतो. बाभूळ चाले, चिंच तापते चांगली, पण फोडणाऱ्याचा जीव घेते. निमाडातले अंजन एखाद्या गाडीत आलेच तर लाकूडफोडे कपाळाला हात लावीत, कारण त्याच्यावर कुऱ्हाड लोखंडावर पडल्यासारखी वाजे. सालई, पांगारा, शेवगा असले भुसभुशीत लाकूड आजी दारातूनच परत पाठवी. वड, पिंपळ, उंबर यांची जागा समिधांत; ती राशीत दिसली तर गाडीवानाची धडगत नसे.

मग परसात दोघे जण आठ-दहा दिवस फोडीत बसत. सरळ धाग्याचे लाकूड कुऱ्हाडीच्या एका घावात उकले. गाठीच्या ओंडक्याला लोखंडी पाचर लावून वर घण घालावा लागे. चुलीसाठी हातभर लांब आणि मनगटाएवढी जाड फाटी, बंबाच्या नळीत वरून सोडायला वीतभर चिरफळ्या, आणि उडालेल्या ढलप्या पेटवणासाठी निराळ्या टोपलीत. साल सोलून काढीत, कारण सालीखाली भुंगेरे घर करतात आणि पावसाळ्यात राशीखाली पिठासारखा भुसा पडू लागतो. ओंडका न फोडता ठेवला तर साल त्याच्यातले पाणी बाहेर पडू देत नाही. पाणी निघते ते दोन्ही टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून. फोडण्याचे निम्मे काम हे वाळवण्याचेच काम असते. ही गोष्ट मला आज पुस्तकातून कळली. आजीला ती पुस्तकावाचून ठाऊक होती.

वैशाखाचे ऊन खाल्लेली फाटी मृगापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, मागच्या पत्र्याच्या पडवीत रचली जात. खाली दगडांवर दोन जुने सागवानी वासे आडवे टाकलेले, म्हणजे ओल आणि वाळवी वर येऊ नये. भिंतीपासून वीतभर अंतर. वरून छप्पर, पण बाजू उघड्या, म्हणजे वारा खेळता राहावा. इंदुरात दसऱ्यापर्यंत पस्तीस-चाळीस इंच पाऊस पडणार, हे धरूनच ती रचना असे. आणि आजीचा एक नियम होता, तो मोडण्याची अण्णांचीही छाती नव्हती: या वैशाखात भरलेल्या लाकडाला दिवाळीआधी हात लावायचा नाही. पावसाळा मागच्या सालच्या राशीवर काढायचा. दिवाळीत अभ्यंगस्नानाचा बंब पेटवताना ती नव्या राशीतील दोन फाटी एकमेकांवर आपटून पाही. ‘टण्’ असा आवाज आला तर ठीक. ‘थप्’ असा आला तर फाटे परत राशीत, मागच्या बाजूला.

येथे कोणाचा गैरसमज नको. चूल परत यावी असे मला वाटत नाही. आईचे लाल झालेले डोळे आणि तिचा पहाटेचा खोकला ज्याने पाहिला आहे, तो चुलीचे गोडवे गाणार नाही. बाहेरगावच्या रस्त्यावर ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी आमची नातवंडे आवडीने जातात, तेथेही धुरात बसलेली बाई दुसरीच कोणीतरी असते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेपासून खेड्यांतल्या घराघरांत सिलिंडर पोहोचले, हे फार चांगले झाले. माझे म्हणणे एवढेच की, चूल गेली तिच्याबरोबर लाकडाची पारखही आपण टाकून दिली, आणि लाकूड मात्र शहरातून गेले नाही.

हिशेब करून पाहा. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. लाकूड विकले जाते वजनावर. म्हणजे मी जे दोन क्विंटल घेतले, त्यांतील क्विंटलभर पाण्याचे पैसे मोजले! आणि हे पाणी फुकट जात नाही. त्याची वाफ करण्यात आगीची उष्णता खर्च होते, आग थंड राहते, लाकडातले जे वायू पेटायला हवेत ते न पेटता धूर होऊन वर जातात. उन्हात वाळलेल्या लाकडात पाणी पंधरा-वीस टक्क्यांवर येते. तेच झाड, तीच कुऱ्हाड. पण एकाने हात शेकतात आणि दुसऱ्याने डोळे चुरचुरतात.

ज्या देशांत हिवाळा जिवावर बेततो तेथे ही विद्या अजून टिकून आहे. नॉर्वेत २०१३ च्या फेब्रुवारीत तेथल्या सरकारी दूरचित्रवाणीने लाकूड फोडणे, रचणे आणि जाळणे यावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. लोकांनी तो पाहिला, एवढेच नव्हे तर तक्रारी केल्या: रचताना साल वर हवी, तुम्ही खाली ठेवलीत, आणि तितक्याच जणांनी उलट तक्रार केली. आमच्या आजीचे त्या लोकांशी जमले असते. इंग्लंडात तर १ मे २०२१ पासून कायदाच आहे की, थोड्या प्रमाणात, म्हणजे दोन घनमीटरांहून कमी, विकायच्या सरपणात वीस टक्क्यांहून जास्त ओल असता कामा नये. आपल्याकडे असा कायदा कोणी मागणार नाही, मीही मागत नाही. पण ज्या इंदूरने २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक राखला, जेथे शेंबडे पोरही ओला कचरा आणि सुका कचरा निराळा ठेवते, तेथे ओले लाकूड आणि सुके लाकूड एकाच भावाने घेतले जाते, हे काही शोभत नाही.

यावर कोणी म्हणेल, शेकोटी हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. दिल्लीत हवा बिघडली की जे निर्बंध लागू होतात, त्यांत रहिवासी संघांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यावेत अशीही सूचना आहे, म्हणजे ते उघड्यावर काही जाळणार नाहीत. आमच्या समितीने यंदा पहारेकऱ्याच्या खोलीसाठी हीटर मंजूर केला आहे आणि दाराला वर-खाली झडपा बसवल्या आहेत. निखाऱ्यांचे घमेले बंद खोलीत न्यायचे नाही, हे त्याला आणि बदली माणसालाही चारचारदा सांगितले आहे. पण चोइथराम मंडीत रात्री भाजी उतरवणारे हमाल, सरवटे बसस्थानकाबाहेरचे रिक्षावाले, रुग्णालयांच्या आवारात रात्र काढणारे आप्त यांच्या हातात हीटरची तार कोण देणार? थंडी वाजली की ते काहीतरी पेटवणारच. ते काय असेल एवढेच आपल्या हातात आहे, आणि तेही थंडीत नाही. आता, या दीड महिन्यात.

पावसाळ्यापूर्वी शहरभर विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटल्या जातात. त्याच फांद्या फोडून एखाद्या छपराखाली रचल्या, तर पौषातील सार्वजनिक शेकोट्यांना कोरडे लाकूड मिळेल. हे काम फार मोठे नाही. त्याला आठवण मात्र वेळेवर व्हावी लागते. इमारतींना जागेची अडचण वाटते. आमच्याही सभेत वाहनतळावरून वाद झाला. शेवटी मी खडूने जमिनीवर रेघा मारून दाखवल्या: दोन क्विंटल फोडलेले लाकूड कमरेपर्यंत रचले तर एका स्कूटरच्या जागेत मावते. एका सद्गृहस्थांनी विचारले, ‘आणि विंचू?’ विंचू होतात, हे खरे आहे. रास जमिनीपासून उचलून ठेवावी आणि फाटे काढताना हात घालण्याआधी काठीने ठोकावे, हाच त्यावर उपाय. आमच्या घरी तो पन्नास वर्षे पुरला.

परवा मी स्वतः लाकडाच्या पीठ्यावर गेलो. उन्हाची काहिली होती, आणि दुकानदार फळीवर आडवा झाला होता. ‘शादी है क्या?’ त्याने विचारले. ‘नहीं, पौष के लिए,’ मी म्हणालो. तो उठून बसला आणि माझ्याकडे नीट पाहून त्याने मला आधी पाणी दिले. मग मी दोन फाटी उचलून आपटली, तेव्हा त्याला काय ते समजले आणि तो मला मागच्या छपराखाली घेऊन गेला. बाभूळ मिळाली, गेल्या सालची. तेवढ्याच पैशांत, आणि फोडून.

काल संध्याकाळी पहारेकरी आणि मी मिळून ती रचली. साल वर ठेवायची, असे मी सांगितले. त्याच्या गावी खाली ठेवतात म्हणे. निम्मी रास माझ्या पद्धतीची आहे, निम्मी त्याच्या.