पात्याचं वय, मुठीचं गाव

बालीच्या ट्रिपहून परतलेल्या बॅगांमधून लाकडी मुखवटे निघतात, बाटिकचे शर्ट निघतात आणि एखाद्या हौशी माणसाच्या बॅगेतून निघतो नागमोडी पात्याचा खंजीर. हा क्रिस. तिकडे त्याला केरिस म्हणतात. दुकानदाराने सांगितलेलं असतं, ‘दोनशे वर्षं जुना, राजघराण्यातला!’ असेलही. पण पैसे मोजण्याआधी पाच मिनिटं त्या वस्तूलाच विचारून बघा. ती बरंच बोलते.

आधी मूठ बघा. जावाची मूठ बारीक, किंचित झुकलेली, साध्या लाकडाची आणि त्यावर अगदी नाजूक कोरीवकाम. बालीची थोराड, कधी तिच्यात देव किंवा राक्षस बसलेला, वर सोनं नि खडे. बुगी लोकांची पिस्तुलासारखी वळलेली. दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो लोकांचा क्रिस तर हातात घेतला की कळतो. वजनदार, रुंद, सपासप वार करायला केलेला आणि मुठीच्या टोकाला बऱ्याचदा काकाकुवाचं डोकं.

पण मूठ ओळखली म्हणजे पातं ओळखलं असं नाही हं. जावात पात्याच्या मागच्या दांड्याला चिंधी गुंडाळून मूठ नुसती घट्ट बसवतात. हुद्दा बदलला, मालक बदलला, फॅशन बदलली, की मूठ आणि म्यान बदलायचं. त्यामुळे जुनं पातं कितीतरी नव्या म्यानात सापडलं तर लगेच ‘फसवलं’ म्हणून ओरडू नका. तो तिथला रिवाजच आहे.

खरी मजा दुरुस्त्यांमध्ये. पात्याच्या बुडाशी एक आडवा तुकडा असतो. त्याचं नाव गांजा (हसू नका, खरंच!). तो सहसा वेगळा घडवून पात्यात बसवतात. पात्यावरची नक्षी एका जातीची आणि गांजावरची दुसऱ्याच, तर तो तुकडा मागाहून आलेला असण्याची शक्यता मोठी. विसाव्या शतकातल्या बऱ्याच मोरो क्रिसमध्ये तर वेगळा तुकडा नसतोच. जोडाच्या जागी नुसती रेघ कोरलेली असते. मग वळणं मोजा. ती नेहमी विषम असतात: ३, ५, ७, ९... सम आली तर पुन्हा मोजा. तरीही सम? मग टोक तुटल्यावर कुणीतरी घासून नवं काढलंय का ते बघा. (सरळ पात्याचे क्रिसही भरपूर आहेत, ते नकली नव्हेत.) दांड्यावर वेल्डिंगचा डाग किंवा मुठीत चकाकणारा आधुनिक गोंद दिसला, तर दुरुस्ती अलीकडची.

नक्षीला पामोर म्हणतात. लोखंड आणि निकेलवालं लोखंड थरावर थर ठोकून ती उमटते. मग आर्सेनिक असलेलं खनिज आणि लिंबाचा रस लावला, की लोखंड काळं पडतं आणि निकेल पांढरं राहतं. जुन्या पात्यावर ही नक्षी बोटालाही जाणवते. नुसत्या ॲसिडने वरवर काढलेली बहुतेक वेळा सपाट लागते. प्रत्येक विक्रेता ‘उल्केचं लोखंड’ म्हणतो, त्याकडे हसून बघा. प्रांबाननजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड सुराकार्ताच्या दरबारासाठी वापरलं गेलं हे खरं, पण ते सगळ्यांना पुरणार कसं? आणि प्लीज, घरी आणून काथ्याने घासू नका. पामोर जाईल, शिवाय आर्सेनिक हाताला लागेल. पातळ तेलाचा हात पुरे.

इतकं करूनही वाद मिटतोच असं नाही. राजपुत्र दिपोनेगोरोने १८२५ ते १८३० डचांविरुद्ध जावा युद्ध लढलं. त्याचा ‘क्याई नोगो सिलुमान’ नावाचा क्रिस नेदरलँड्सच्या राजाकडे गेला आणि पुढे तिथल्या संग्रहांच्या गर्दीत हरवला. जुनी पत्रं, नोंदी आणि पात्यावरचा नाग ताडून संशोधकांनी लायडनच्या संग्रहालयातला एक क्रिस तोच असल्याचं ठरवलं. मार्च २०२० मध्ये तो इंडोनेशियाला परत मिळाला. आणि लगेच तिथल्याच काही जाणकारांनी विचारलं: सिलुमान म्हणजे दिसेनासा होणारा, मग या पात्यावर नागाचं अंग इतकं ठळक कसं?