मर्यादा कागदावर, पाणी आपल्या हंड्यात

पाणी गढूळ आलं की आपण लगेच वॉर्ड ऑफिस गाठतो. पण तणनाशकाचा अंश असलेलं पाणी नितळ दिसतं, म्हणून त्याबद्दल कोणीच बोलत नाही. उसाच्या आणि मक्याच्या रानात ॲट्राझीन, टू-फोर-डी फवारतात. पावसाबरोबर ते ओढ्यात उतरतं, जमिनीत मुरतं आणि विहिरीत, बोअरमध्ये पोचू शकतं.

“अंश मर्यादेत आहे,” असं साहेब सांगतात. आमचा प्रश्न आहे, कोणती मर्यादा? ॲट्राझीनसाठी भारतीय मानक आयएस 10500 (2012) लिटरमागे 2 मायक्रोग्रॅम सांगतं. अमेरिकेत 3. जागतिक आरोग्य संघटनेची आधी 2 होती, आता 100 आहे. युरोपात फक्त 0.1. माणसाचं शरीर तर सगळीकडे सारखंच! युरोपचं म्हणणं, असली रसायनं पिण्याच्या पाण्यात नकोतच. बाकीचे आयुष्यभर रोज प्यायलं तर किती सोसेल, याचा हिशेब मांडतात. म्हणजे मर्यादा ही माणसांनी घेतलेला निर्णय आहे. ग्लायफोसेट तर आपल्या 2012 च्या यादीतच नाही.

मर्यादा ओलांडली की लगेच विषबाधा होते, असं नाही. उगाच घाबरू नये. पण मोजलंच नाही, तर “मर्यादेत आहे” या शब्दाला अर्थ काय?

पाणी उकळल्याने, तुरटी फिरवल्याने, क्लोरीन टाकल्याने ॲट्राझीनसारखं तणनाशक जात नाही. कार्बन फिल्टर किंवा आरओने कमी होतं, पण रोजंदारीवरच्या घराला ते कुठून परवडणार? म्हणून ही जबाबदारी पाणी पुरवणाऱ्याचीच.

ग्रामपंचायतीला, वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा : तपासणीत कीटकनाशकं-तणनाशकं धरता का? फवारणीनंतरच्या पहिल्या पावसात नमुना घेता का? उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे. अहवाल विहाराच्या फलकावर लावा. आणि औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला, तरी त्यात पाणी भरू नका.

20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो पाण्यावरच्या हक्काचा लढा होता. त्या पाण्यात काय आहे, हे विचारणं हासुद्धा आपला हक्कच आहे. तो आपण बजावला पाहिजे.