उजेड वाढवा, झगमगाट नको



आंबिया बहराची संत्री बाजारात जाऊ लागली की आमच्या नरखेड तालुक्यात दिवस लहान होऊ लागतात. सहा वाजले न वाजले तोच ओसरीवर अंधार उतरतो. याच सुमारास साठी ओलांडलेली बरीच मंडळी एक ठरावीक तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. दिवसा बरे दिसते, पण दिवे लागल्यावर पोथीची अक्षरे नीट उमटत नाहीत, तांदूळ निवडताना खडा सापडत नाही, औषधाच्या पट्टीवरचे नाव वाचता येत नाही. तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला का, असा त्यांचा प्रश्न असतो. काहींचा नंबर खरोखर बदललेला असतो, काहींना मोतीबिंदू असतो. तथापि डोळ्यांची तपासणी झाली, चष्माही योग्य निघाला, आणि तक्रार मात्र तशीच राहिली, अशी माणसेही थोडी नाहीत. अशांना मी विचारतो, "घरी वाचायला कुठे बसता, आणि दिवा कुठे आहे?" पुष्कळदा दुखणे त्या उत्तरात सापडते.

वय वाढते तसतशी डोळ्यातील बाहुली लहान होत जाते आणि अंधारात ती पूर्वीइतकी उघडत नाही. आतील भिंग पिवळसर व जाड होते. परिणामी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. ज्या उजेडात नातवाचा अभ्यास सुखाने होतो, त्याच उजेडात आजोबांना वर्तमानपत्र दिसत नाही, ते यामुळे.

यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे मोठा बल्ब लावणे. पण इथे एक अडचण उभी राहते. गढूळ झालेल्या भिंगातून प्रकाश सरळ न जाता विखुरतो. धुळकट काचेवर समोरून गाडीचा दिवा पडला की रस्ता दिसेनासा होतो, तसेच उघडा प्रखर बल्ब नजरेसमोर असला की म्हाताऱ्या डोळ्याला त्याच्या आसपासचे काही दिसत नाही. तेव्हा वृद्धांना उजेड अधिक हवा, परंतु उजेडाचा उगम डोळ्यांना दिसता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्यासाठी दिव्यावर शेड असते. ती केवळ शोभेची वस्तू नव्हे.

आपल्या आजी-आजोबांच्या घरात कोनाड्यात चिमणी असे आणि खुंटीला कंदील. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील पुष्कळांच्या स्मरणात असेल. पुढे वीज आली आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब आला. त्यावर पत्र्याची, आत पांढरा मुलामा दिलेली शेड बसवीत. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब कमी किमतीत गावोगावी पोहोचले. नऊ वॅटचा एलईडी बल्ब जुन्या साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो. विजेची मोठीच बचत झाली. मात्र या बदलात जुनी शेड माळ्यावर गेली आणि भिंतीवरच्या होल्डरमध्ये, अगदी नजरेच्या रेषेत, पांढराफेक बल्ब उघडाच राहिला.

याचे पर्यवसान कशात होते, ते सांगतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी रात्री अडीच वाजता लघवीला उठल्या. खोलीचे बटण दाराजवळ, म्हणजे पलंगापासून सहा पावलांवर. तिथवर त्या अंधारात चाचपडत गेल्या. बटण दाबताच समोरचा बल्ब डोळ्यांवर आला. मग न्हाणीकडे वळल्या, तिथे पुन्हा काळोख आणि मध्ये चार बोटांचा उंबरठा. उंबरठ्याला पाय अडखळला आणि मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रिया झाली, मुलाने कर्ज काढले, आणि त्या आजी आज वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. शेजारी जाणे थांबले ते थांबलेच. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणे हे जगभरात दुसऱ्या क्रमांकाचे कारण असून त्यात साठीपुढील माणसे सर्वाधिक असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या आजींच्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीचा एक मंद दिवा असता, तर तो उंबरठा त्यांना दिसला असता.

आता उपायांकडे वळू. यांतील पहिले तीन जवळजवळ बिनखर्चाचे आहेत.

पहिला, दिवे पुसा. बल्ब, ट्यूबलाइट आणि शेड यांवर धूळ व स्वयंपाकाचा तेलकट धूर यांचा थर बसतो आणि बराच उजेड तिथेच अडतो. मेन स्विच बंद करून, बल्ब थंड झाल्यावर, कोरड्या फडक्याने पुसावे. हे काम स्टुलावर चढून वृद्धांनी करू नये. घरातील तरुणाने महिन्यातून एकदा करावे.

दुसरा, छत आणि भिंतीचा वरचा भाग पांढरा करा. काळवंडलेले छत उजेड गिळते, पांढरे छत तो खाली परत पाठवते. चुन्याचा एक हात हा खेड्यातील सर्वांत स्वस्त दिवा समजा.

तिसरा, दिवा जवळ आणा. दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर आणला, तर पुस्तकावर पडणारा उजेड दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. छताला आणखी मोठा बल्ब टांगण्यापेक्षा खुर्चीजवळ लहान टेबललॅम्प ठेवणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे. तो खांद्याच्या मागे व बाजूला असावा. लिहिणाऱ्याने, तो उजव्या हाताने लिहीत असल्यास, दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही.

आता शेडविषयी. माळ्यावरची जुनी शेड खाली काढा. पत्र्याची असेल तर धुऊन, वाळवून आतून पांढरा ऑइलपेंट लावा. आतला रंग गडद असेल तर शेड उजेड खाते. कापडी शेडचे कापड विटले असेल तर ते काढून टाका. तारेचा सांगाडा बहुधा चांगला असतो. त्यावर धुतलेल्या पांढऱ्या धोतराचे किंवा जाड सुती कापडाचे एक पदरी आवरण ताणून शिवा. घरातील आजींच्या हाताला हे काम छान जमते, आणि संध्याकाळी आपण शिवलेल्या शेडखाली वाचताना होणारे समाधान माझ्या कोणत्याही गोळीत नाही.

सांगाडाच नसेल तर बुरडाकडून बांबूची लहान टोपली आणा. तळाला होल्डरपुरते भोक पाडा आणि ती उलटी टांगा. मात्र आतून पांढरा कागद जरूर लावा. नुसत्या टोपलीतून भिंतीवर आणि जमिनीवर सावल्यांची जाळी पडते. बैठकीत ती शोभते, पण पायऱ्यांवर त्याच रेघांमुळे पायरी कुठे संपते ते कळत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तर त्या सावल्या किडे किंवा साप वाटू शकतात. तिन्हीसांजेला असा रुग्ण घाबरतो, ओरडतो, तेव्हा त्याच्या खोलीतील सावल्या आधी पाहाव्यात. नक्षीदार, छिद्रांची शेड त्याच्या खोलीत नको.

शेडची उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. ज्यांच्यासाठी दिवा आहे त्यांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवा. त्यांना बल्ब दिसत असेल तर शेड खाली घ्या. बल्ब दिसत नाही पण पुस्तक दिसते, अशी जागा सापडली की काम झाले.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. कापडी, कागदी किंवा बांबूच्या शेडमध्ये नऊ वॅटपर्यंतचाच एलईडी बल्ब लावावा, जुना तापणारा बल्ब कधीही नाही. बल्ब आणि आवरण यांत निदान चार बोटे अंतर असावे, आणि शेड वर व खाली उघडी असावी. एलईडीचा बुडखाही तापतो आणि हवा मिळाली नाही तर तो लवकर बिघडतो. बल्बाला रुमाल किंवा वर्तमानपत्र गुंडाळणे हा आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे. वायर उघडी पडली असेल, होल्डर सैल असेल वा बटणातून ठिणगी येत असेल, तर वायरमनला बोलवा. तिथे काटकसर करू नये. टेबललॅम्पची वायर चालण्याच्या वाटेतून नेऊ नका. नाहीतर पडणे टाळण्यासाठी आणलेला दिवाच पाडील.

बल्ब घेताना खोक्यावर केल्विनचा आकडा पाहावा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. झोपण्याच्या खोलीत पिवळसर बल्ब बरा. निळसर पांढरा प्रखर उजेड रात्री झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाला दाबतो, आणि म्हातारपणी झोप आधीच हलकी असते.

रात्रीच्या दिव्याचे महत्त्व मी सर्वांत अधिक मानतो. पलंगापासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर, अर्ध्या वॅटचे पिवळसर किंवा तांबूस एलईडी दिवे लावावेत. खाली असलेला दिवा जमीन आणि उंबरठा दाखवितो आणि डोळ्यांवर येत नाही. अंधाराला सरावलेली नजर प्रखर उजेडाने बिघडली तर ती पूर्ववत होण्यास तरुणालाही वीस-तीस मिनिटे लागतात, वृद्धांना त्याहून जास्त. बिल वाढेल, ही भीती अनेकांना वाटते. हिशेब करून पाहा. अर्धा वॅटचा दिवा रोज दहा तास जळला, तर एक युनिट वीज संपायला दोनशे रात्री लागतात. याउलट जुना 'झिरोचा बल्ब' नावालाच शून्य. तो बारा ते पंधरा वॅट वीज घेतो, म्हणजे पंधरा वॅटच्या हिशेबाने महिन्याला साडेचार युनिट. तो बदलला तरी नव्या दिव्याचा खर्च हळूहळू वसूल होतो. सोबत उंबरठ्याच्या आणि पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या वा पिवळ्या रंगाचा दोन बोटांचा पट्टा ओढावा. गडद शहाबादी फरशीवर तो मंद उजेडातही दिसतो.

आपल्याकडे लाइन जाते, हे विसरून चालणार नाही. न्हाणीच्या वाटेवर एक तरी बॅटरीचा, लाइन गेल्यावर आपोआप लागणारा बल्ब असावा. उशाशी बॅटरी असावी, आणि ती रोज त्याच जागी असावी. मेणबत्ती किंवा चिमणी घेऊन वृद्धांनी चालू नये. तुळशीपुढचा दिवा लावताना पदर खोचून घ्यावा, वाऱ्याच्या दिवसांत दिव्याला काचेचे आवरण असावे. घरात ऑक्सिजनचे यंत्र सुरू असलेला रुग्ण असेल तर त्या खोलीत उघडी ज्योत अजिबात नको. भाजलेच तर जागेवर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.

दिवा सर्व दुखण्यांवर इलाज नाही, हेही स्पष्ट सांगतो. एकाएकी दिसेनासे होणे, नजरेसमोर पडदा आल्यासारखे वाटणे, वीज चमकल्यासारख्या रेषा दिसणे, लाल दुखऱ्या डोळ्याने दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, एकाचे दोन दिसू लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोतीबिंदू असल्यास तो "पिकण्याची" वाट पाहू नये. दैनंदिन कामे अडू लागली की शस्त्रक्रियेचा विचार करावा. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांतून ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. रात्री वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर साखर, प्रोस्टेट आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ यांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. गोळी स्वतः बंद करू नये. आणि उठताना पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून मगच उभे राहावे.

हाती पाचशे रुपयेच असतील, तर ते कसे खर्चावेत? आधी वाटेवरचे दोन रात्रदिवे, मग उंबरठ्याचा पट्टा, मग वाचण्याच्या जागेचा एक बल्ब आणि घरच्या कापडाची शेड. बैठकीच्या शोभेचा दिवा शेवटी.

काळजी घेणाऱ्यांना एकच विनंती आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातील मोठे दिवे मालवा आणि आई-वडिलांचा हात धरून त्यांच्या पलंगापासून न्हाणीपर्यंत त्यांच्या चालीने चाला. जिथे त्यांचे पाऊल थबकेल, तिथे खडूने खूण करा. उद्या दिवा तिथे लावायचा आहे.